डावी बाही

नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं हे मला माझ्या आईनं शिकवलं, आणि मी ते पाळलंही. आता ऐंशी ओलांडली तरी तोंडातून 'हे' आणि 'आमचे हे' एवढंच निघतं. जन्मात एकदाच ते नाव मोठ्यानं घेतलं, तेसुद्धा घराच्या छपरावर उभं राहून, अख्ख्या बेतगोल गावाला ऐकू जाईल असं. का ते सांगते. मध्ये बोलू नका. मध्ये कुणी बोललं की माझं डोकं फिरतं.

तेव्हा जपान्यांचं राज्य होतं आणि सरकारच्या डोक्यात एक खूळ शिरलं होतं. कोरियातल्या माणसांनी म्हणे पांढरे कपडे घालायचे नाहीत. पांढरं लवकर मळतं, मग बायका जन्मभर धूत बसतात, त्यात वेळ फुकट जातो. आमच्या धुण्याची सरकारला केवढी काळजी. एक दिवस येऊन गोठलेल्या ओढ्यात हात घातला असता तर मानलं असतं मी. बाजाराच्या दिवशी वेशीवर कारकून उभे राहायचे, हातात पत्र्याची पिचकारी, पायाशी काळ्या शाईची बादली. पांढऱ्या कपड्यातला माणूस दिसला की उडवलीच. म्हातारेकोतारे शाईनं भिजून, मान खाली घालून घरी यायचे आणि रस्त्यात कुणाशी बोलायचे नाहीत.

त्याच वर्षी वसंतात सासरे गेले होते. आमच्याकडे बाप गेला की मुलगा दोन वर्षं उलटून तिसरं लागेतो सुतकात असतो. तागाचा न रंगवलेला जाडाभरडा झगा घालायचा, तागाचीच टोपी, कमरेला तागाची दोरी. ते कपडे म्हणजे बापाचं ऋणच अंगावर घेऊन फिरायचं. हिवाळा तोंडावर आला तसे हे मीठ आणायला त्या झग्यात बाजाराला गेले. सुतकातल्या माणसाला तरी सोडतील असं वाटलं होतं. नाही सोडलं. छातीपासून गुडघ्यापर्यंत शाई. मग यांनी पिचकारी हिसकावली, गुडघ्यावर धरून मोडली आणि कारकुनाला उचलून शाईच्या बादलीत बसवला. बाजार हसला. लोक हसले नसते तर दोन थपडांवर भागलं असतं, असं मला अजून वाटतं. हसले म्हणून यांना बांधून घाटापलीकडच्या शहरात नेलं आणि ठाण्याच्या कोठडीत टाकलं.

खटला नाही, सुटकेचा दिवस नाही, भेट तर नाहीच. परवानगी फक्त कपड्यांची. दर दुसऱ्या बाजाराला ठाण्याच्या मागच्या खिडकीत धुतलेला जोड द्यायचा आणि मळलेला परत आणायचा. खिडकीत ग्वाक नावाचा शिपाई बसायचा. आपल्यातलाच, पण बोलणं असं की अंगावर काटा यावा.

पहिल्या खेपेला मी पांढरी जोगोरी नेली. कापूस भरलेली, थंडीतली, दुहेरी कापडाची बंडीच ती. ग्वाकनं ती दोन बोटांत धरून माझ्याकडे भिरकावली.

"पांढऱ्यापायीच आत बसलाय ना तुझा नवरा? आणि तू पांढरंच आणतेस? अक्कल गहाण ठेवलीस का?"

"हे बरे आहेत का, दादा?" मी विचारलं.

"रंगवून आण. आणि ते बरे आहेत का विचारू नकोस. कपडे परत मिळतायत तोवर बरा आहे असं समजायचं."

हे वाक्य मी घाट चढताना इतक्यांदा घोकलं की शेवटी त्याचा मंत्र झाला. कपडे परत मिळतायत तोवर बरे आहेत.

घरी सासूबाईंनी आकाशपाताळ एक केलं. "बापाच्या सुतकात मुलगा रंगीत घालणार? मी मेल्यावर रंगव काय ते." मी उलटून बोलले नाही. ओकच्या बोंडांचा काढा केला, त्यात गंजका खिळा टाकला आणि वरचं कापड राखाडी करून घेतलं. आतलं अस्तर मात्र पांढरंच ठेवलं. दोन्ही जोगोऱ्या तशाच केल्या, एक यांच्या अंगावर राहील, एक माझ्या हातात. सासूबाईंना दाखवलं, "आई, बाहेरून सरकारची, आतून आपली." त्यांनी अस्तरावरून हात फिरवला. "शहाणी आहेस," म्हणाल्या, आणि मग लगेच, "टाके बरे घाल, मागच्या वेळी काखेत उसवलं होतं." कौतुक एकट्यानं बाहेर पडायचंच नाही त्यांच्या तोंडातून.

आता आमचं धुणं कसं ते माहीत नसेल तर पुढचं कळायचं नाही. जोगोरी अशी अख्खी धूत नाहीत. आधी सगळी उसवायची, कापूस काढून उन्हात घालायचा, कापडाचे तुकडे राखेच्या पाण्यात धुवायचे, खळ घालायची, मग दगडावर ठेवून दोघींनी समोरासमोर बसून लाकडी मोगऱ्यांनी चमक येईपर्यंत कुटायचे, आणि पुन्हा नव्यानं शिवायची. दर धुण्याला नवी जोगोरी म्हणा ना. त्यामुळे नवरा दिवसभर कुठे बसला, कुठे टेकला, कुठल्या कुशीवर झोपला, हे बाईला न विचारता कळतं. उसवलं की सगळं समोर येतं.

आणि आमचे हे डावरे. जेवताना उजवा हात वापरायचे, कारण सासऱ्यांनी लहानपणी चमच्यानं बोटांवर मारून तो वापरायला लावला होता. पण छातीवरचे बंद बांधायला कोण बघतंय? सगळ्या जगाच्या बंदाचा फास एका बाजूला, यांचा दुसऱ्या. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी तो सोडून सरळ बांधायला गेले तर म्हणाले, "राहू दे, गर्दीत हरवलो तर ओळखायला बरा." दुसरी खोड बंदाचं टोक चावायची. विचारात असले, रागात असले की टोक तोंडात. मी म्हणायची, घरात वासरू बांधलंय. सासूबाई म्हणायच्या, दात आल्यापासून चावतोय, मारून थकले.

सुरुवातीच्या खेपांना घरी आणलेल्या जोगोरीत हे सगळं असायचं. बंदावर उलट्या बाजूची घडी, चावलेलं टोक, डाव्या बाहीची कडा काळी कुळकुळीत, मानेवरची पांढरी गळपट्टी घामानं पिवळी. दुसऱ्या कुणाला ती घाण वाटली असती. मी मात्र ती जोगोरी तोंडाला लावून घाटभर रडत यायची. सासूबाई दारातच उभ्या असायच्या. आधी बंद हातात घ्यायच्या, घडी बघायच्या, मग म्हणायच्या, "चल, पाणी तापलंय."

मग ती खेप आली. कडाक्याची थंडी, घाटात बर्फ. ग्वाकनं बोचकं ढकललं आणि त्या दिवशी तो मला काहीही वाकडं बोलला नाही. मला तेवढ्यानंच धडकी भरली. जो माणूस दर वेळी टोचतो तो गप्प बसला की समजावं काहीतरी बिनसलंय. मी विचारलं, "हे बरे आहेत ना?" तो माझ्या मागच्या बाईकडे बघत म्हणाला, "कपडे मिळाले ना? हो पुढे."

घाटाच्या माथ्यावर मला राहवलं नाही. दगडावर बसून बोचकं सोडलं. आधी बंद बघितले. घडी सरळ होती. सगळ्या जगासारखी. मी बंद उलटे केले, सुलटे केले, पुन्हा बघितले. मग डाव्या बाहीची कडा बघितली. स्वच्छ. मी दिली होती तशीच्या तशी. आणि उजवी काळी. म्हणजे ही जोगोरी उजव्या हाताच्या माणसानं घातली होती. गळपट्टी मळलेली होती, पण ती कुणाच्याही मानेनं मळते.

यांची जोगोरी दुसऱ्याच्या अंगावर का जावी, याला उत्तर एकच होतं, आणि ते मला मनातसुद्धा म्हणवेना. ग्वाकचं ते वाक्य किती खोटं होतं ते आता कळलं. कपडे परत येत राहतात. माणूस नसला तरी येतात. मी पुढचं काही बघितलंच नाही, बघवेना. बोचकं आवळून बांधलं आणि ठरवलं की सासूबाईंना काही सांगायचं नाही. आज मीच सगळं उसवते म्हणायचं, तुम्ही अंग शेका म्हणायचं.

असलं काही चालतं का त्यांच्यापुढे? मी दारात पाऊल टाकायच्या आत त्यांनी बोचकं ओढून घेतलं. बंद हातात घेतले. घडी बघितली. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. त्या रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. नुसत्या मातीच्या जमिनीवर खाली बसल्या. मग दोन्ही बाह्यांच्या कडा जवळ जवळ धरल्या, डावी आणि उजवी, आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"गेला माझा मुलगा," त्या म्हणाल्या.

"आई, असं कसं म्हणता? कुणीतरी चुकून..."

"कधी गेला तेही सांगितलं नाही मेल्यांनी. कुणी हाक न मारता गेला तो. आता कुठे भटकत असेल या थंडीत?"

आमच्याकडे माणूस गेला की त्याची अंगावरची, न धुतलेली जोगोरी घेऊन एकानं छपरावर चढायचं, उत्तरेकडे तोंड करून ती हलवायची आणि नाव घेऊन तीन हाका मारायच्या, परत ये म्हणून. कपड्यात अंगाची ऊब असते, ती ओळखून जीव परततो म्हणतात. नाही परतला तर निदान त्याला कळतं की घरानं बोलावलं होतं, मग तो भटकत नाही. सासऱ्यांच्या वेळी सगळं रीतसर झालं होतं. पण जिवंत माणसाला कुणी अशी हाक मारली तर? लहानपणापासून ऐकत आले होते की मग न्यायला येणारे त्याच नावावर येतात, आणि जीव हाकेमागे अंगातून निघून येतो. मला त्या हाकेची भीती वाटत होती. सासूबाईंना हाक न मारण्याची भीती वाटत होती. आणि दोघींच्या मध्ये ती जोगोरी.

"आई, उसवून तर बघू. मग ठरवू."

"हात लावू नकोस. उसवली की ऊब गेली. धुतली की माणूस गेला." त्यांनी ती छातीशी धरली आणि चप्पल न घालता बाहेर पडल्या.

हे काम घरच्या माणसानं करायचं नसतं, बाहेरच्यानं करायचं. म्हणून त्या गावात दारोदार फिरल्या. मी मागे त्यांचं पायताण घेऊन. एकही पुरुष तयार होईना. पोलिसांनी धरलेल्या माणसासाठी छपरावर चढून ओरडायचं म्हणजे उद्या आपली पाळी. कुणाची पाठ दुखत होती, कुणाची गाय व्यायला झाली होती. शेजारच्या काकू, माहेर हान्बातचं म्हणून हान्बातवाली, मात्र ऐकताक्षणी गळा काढून रडायला लागल्या. "अहो काकू, अजून काही नक्की नाही," मी म्हटलं, तर म्हणतात, "नंतर घाई होते, मला आत्ताच रडू येतंय." त्या रडण्यानं सासूबाईंची उरलीसुरली आशाही गेली.

उन्हं कलली होती. सासूबाईंनी गोठ्याच्या भिंतीची शिडी ओढत आणली आणि छपराला लावली. मी शिडीला मिठी मारली.

"आई, पाया पडते. हे जिवंत असतील तर तुम्ही त्यांना मारताय."

"आणि गेला असेल तर तू त्याला भूत करतेयस. तू बायको आहेस चार वर्षांची. मी आई आहे. सरक."

मी सरकले नाही. त्यांनी माझ्या हातावर पाय दिला आणि वर गेल्या. साठीची बाई, पेंढ्याच्या छपरावर बर्फाचा थर, आणि त्या रांगत रांगत मधल्या कण्यावर पोचल्या. खाली अंगणाबाहेर बायका जमल्या होत्या, सगळ्यांनी तोंडावर हात धरलेला. सासूबाई उभ्या राहिल्या. एका हातात गळपट्टी, एका हातात जोगोरीचं खालचं टोक. उत्तरेकडे वळल्या.

"बेतगोलच्या इक्सोपा, परत ये रे."

मी शिडीवर कधी चढले मला आठवत नाही. ती हाक डोंगरावर जाऊन परत आली तेव्हा मी वर होते, पोटावर पडलेली, आणि त्या दुसऱ्या हाकेसाठी श्वास घेत होत्या. हाताला लागलं ते मी धरलं. जोगोरीचा बंद होता तो. मी ओढला, त्यांनी ओढली.

"सोड, पडशील."

"पडू दे."

आणि तेव्हा माझ्या मुठीत ते टोक आलं. कडक, वळलेलं, सुतं सुटलेलं, थंडीनं वाळून टोचत होतं. घाटात मी घडी बघितली होती, टोकापर्यंत गेलेच नव्हते. ते आत दुमडलेलं होतं.

"आई, हे बघा. चावलंय."

त्यांनी बघितलं. त्यांचे ओठ हलले. मग म्हणाल्या, "कोठडीत उंदीर असतात, पोरी." आवाज मात्र मघासारखा नव्हता.

"उंदीर फक्त टोकच खाईल का?" मी गुडघ्यावर बसले. जोगोरी आता दोघींच्या हातात होती. मी डाव्या बाहीत हात घातला. आत कापूस जसा भरला होता तसाच फुगलेला होता, कोपराशी एक सुरकुती नाही. उजव्या बाहीत घातला, तिथे कापूस चेपून पातळ झालेला. म्हणजे ज्यानं कुणी ही घातली होती त्यानं डाव्या बाहीत हात घातलाच नव्हता. एवढ्या थंडीत, कापूस भरलेली बाही समोर असताना. कोण करेल असं? मला एकदम काहीतरी सुचलं. मी कुशीचा टाका दातांनी तोडला.

"उसवू नकोस गं." त्या ओरडल्या नाहीत, पुटपुटल्या. पण त्यांनी हात काढून घेतला.

माझाच टाका, मला ठाऊक होता कुठून धरायचा. कुशीची शिवण सरसर सुटली. मी अस्तर उलटं केलं. ते पांढरं ठेवलं होतं म्हणून दिसलं, नाहीतर काही दिसलं नसतं. डाव्या कुशीपासून पोटावर आडवा एक तपकिरी डाग होता, कडेला पिवळा. त्याला कोपर होतं, मनगट होतं. अंगाशी आवळून बांधलेल्या हाताचा डाग होता तो. त्या हाताला जखम होती आणि ती वाहत होती. डावा हात बाहीत जात नव्हता म्हणून डावी बाही कोरी. डाव्या हातानं बंद बांधता येत नव्हते म्हणून कोठडीतल्या दुसऱ्या कुणीतरी बांधून दिले होते, सगळे बांधतात तसे.

सासूबाईंनी आपला हात त्या डागावर ठेवला. कोपरापाशी कोपर. बोटं पुढे पुरली नाहीत.

"त्याच्या बापासारखे लांब हात आहेत त्याचे," त्या म्हणाल्या. "मोडलाय हात."

"हो, आई."

"मोडलाय म्हणजे आहे."

"आहेत."

आम्ही दोघी त्या बर्फात बसून रडलो. मुलाचा हात मोडला म्हणून आई आनंदानं रडतेय असं मी तेव्हाच पाहिलं, पुन्हा कधी बघायला मिळू नये. खालून हान्बातवाल्या काकूंनी विचारलं, "काय गं, रडायचं का थांबायचं?"

पण रडता रडता सासूबाई थांबल्या. त्यांनी माझा दंड धरला, इतका घट्ट की बोटं रुतली. "एक हाक गेली की गं."

तेच माझ्याही मनात होतं.

"लहानपणी तो माझ्या एका हाकेला यायचा. पोरं तीन तीनदा बोलावून येत नाहीत, हा पहिल्या हाकेला ताट टाकून धावत यायचा. आत्ताही निघाला असेल." त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "मी मारलं त्याला. मी माझ्या तोंडानं मारलं."

"तुम्हीच परत पाठवा मग. सांगा की चुकून हाक मारली."

"माझ्या तोंडून 'ये' निघालंय. आता मी 'येऊ नको' म्हटलं तर त्याला वाटेल आई रागावलीय, तो आणखी धावत येईल. तो मला ओळखतो. तू सांग."

"मी?"

"तुझं ऐकतो. माझं फक्त पाळतो."

मी उभी राहिले. पाय घसरत होते, म्हणून त्यांनी माझे घोटे दोन्ही हातांनी धरून ठेवले. जोगोरी मी हलवली नाही, माझ्या अंगावरच्या कपड्यांआड, पोटाशी धरली, तिच्यातली ऊब कुठे जाऊ नये म्हणून. उत्तरेकडे पाठ केली आणि घाटाकडे तोंड केलं. घाटाच्या पलीकडे ते शहर, ते ठाणं, ती कोठडी. तोंड उघडलं आणि नाव येईना. चार वर्षांत एकदाही जिभेवर न आलेलं नाव, ते असं कसं येईल? खाली सगळं गाव बघत होतं. लाज वाटत होती आणि लाजेपेक्षा मोठी भीती वाटत होती, की मी इथे शब्द जुळवत बसलेय आणि तिकडे हे निघाले असतील, बर्फातून, एका हातानं.

"इक्सोप," मी ओरडले. "घरी येऊ नका. आहात तिथेच राहा. आम्ही चुकून हाक मारली."

डोंगरानं ते सगळं परत म्हणून दाखवलं. खाली कुणीही हसलं नाही.

त्या रात्री काय झोप येणार? पहाट झाली तशा आम्ही कामाला लागलो. जोगोरी पूर्ण उसवली. डाग घासताना सासूबाईंनी मला हात लावू दिला नाही. मग समोरासमोर बसून कुटायला घेतलं. दर वेळी आमच्या मोगऱ्या एका ठेक्यात पडायच्या, त्या दिवशी सारख्या चुकत होत्या. मध्येच त्या हात थांबवून बाहेर ऐकायच्या, मीही ऐकायची. वारा असायचा.

शिवताना मी बंद लावलेच नाहीत. म्हाताऱ्यांच्या वरच्या बंडीला असतं तसं एका बाजूला सुताच्या गाठीचं बोंड केलं, दुसऱ्या बाजूला फास, उजव्या हाताच्या दोन बोटांनी लागेल असं. डावी कूस दोन बोटं सैल केली, आत बांधलेला हात मावावा म्हणून, आणि तिथे जास्तीचा कापूस भरला. डाव्या बाहीत कापूस घातलाच नाही, नुसती लोंबती ठेवली. असली वेडीवाकडी जोगोरी मी जन्मात शिवली नव्हती.

पाळीची वाट न बघता मी मधल्याच बाजाराला गेले, त्या दिवशी परत घ्यायचं काही नव्हतं; खिडकीत ग्वाकनं ती उलगडली. "हे काय? बंद कुठे गेले?" मग त्याची नजर सैल कुशीवर गेली, मग रिकाम्या बाहीवर. तो माझ्याकडे बघायचं टाळत होता. मला वाटलं आता भिरकावणार. त्यानं नीट घडी घातली आणि आत घेतली.

"आहेत का?" मी विचारलं. या वेळी बरे आहेत का असं विचारलंच नाही.

"रंगवलेली आहे, चालेल," तो म्हणाला, आणि खिडकी लावली.

पुढच्या खेपेपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते मला विचारू नका. कावळा बसला की सासूबाई त्याला दगड मारायच्या, कुत्रं रडलं की मी कान झाकायची. संध्याकाळ झाली की दोघी छपराकडे बघायचं टाळायचो. शिडी मी सरळ तोडून चुलीत घातली. सासूबाई काही बोलल्या नाहीत. एरवी फाट्याच्या काडीसाठी दोन तास बोलल्या असत्या.

त्या खेपेला ग्वाक बोचकं आणायला आत गेला तो येईचना. मागच्या बायका कुजबुजायला लागल्या. मग तो आला आणि बोचकं ढकललं. मी ते घाटात सोडलं नाही. हिंमतच झाली नाही. छातीशी धरून तशीच चालत आले, आणि यावेळी सासूबाईंनीही दारात ते ओढून घेतलं नाही. आम्ही दोघी चुलीच्या धगीनं खालून तापलेल्या जमिनीवर बसलो आणि बोचकं मध्ये ठेवलं. कोण सोडणार, यावर थोडा वेळ गेला. शेवटी त्यांनीच गाठ सोडली.

सुताचं बोंड फासात होतं. फास ओढून ओढून सैल झाला होता आणि बोंडावर एकाच बाजूनं बोटांचा मळ होता. आत डाग होता, पण लहान. मी गळपट्टी बघायला पुढे झाले तर सासूबाईंनी ती आधीच उचलली होती. डोळ्यांजवळ नेली, उजेडाकडे केली. गळपट्टीचं पुढचं टोक, जे हनुवटीखाली येतं, ते चघळून चघळून लगदा झालं होतं.

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या हनुवटीवरून पाणी टपकत होतं.

"बंद काढून घेतला तर आता गळपट्टी खातोय," त्या म्हणाल्या. "कितीदा सांगितलं या मुलाला."